चार नंबरचा हात

‘मानवी चूक’ हे दोन शब्द शलाका खोतने पडद्यावर वाचले आणि तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

पुण्याच्या कचेरीत तिच्यासमोर अभिनंदन मगदूम बसले होते. मगदूम म्हणजे ‘निर्मिक सिस्टिम्स’चे सर्वेसर्वा. कंपनी एका खोलीत होती तेव्हापासून शलाका त्यांच्याकडे होती. अहवाल त्यांनीच तयार करवून घेतला होता. कागलजवळच्या ‘भैरव कास्टिंग’ या फौंड्रीत निर्मिकने बसवलेल्या यांत्रिक हाताने सर्जेराव पसारे नावाच्या कामगारावर लोखंडाचा रस सांडला. त्याचा उजवा हात कोपरापासून काढावा लागला. कारण, मानवी चूक. देखभालीचा फिटर धैर्यशील खोत याने यंत्राचे डोळे चुकीच्या जागी बसवले.

धैर्यशील खोत हा शलाकाचा सख्खा थोरला भाऊ.

“तुझ्या घरचं नाव आहे म्हणून तुला आधी दाखवतोय,” मगदूम म्हणाले. आवाजात उपकार ओथंबत होता. “त्याने कबुलीवर सही केली की मी बुगडेंशी बोलतो. फौंड्री त्यांची आहे, माझं ऐकतील. नोकरी जाईल, पण पोलिसांपर्यंत जाऊ देणार नाही. तू जाऊन समजाव त्याला.”

“सर, डोळे सगळे एकसारखे आहेत. चुकीची जागा म्हणजे कुठली?”

“ज्याचा डोळा त्याला. ही साधी अक्कल आहे, शलाका.”

शलाकाने लॅपटॉप मिटला आणि काही न बोलता उठली. बोलली असती तर टेबलावरचा पाण्याचा ग्लास तिने त्यांच्या अंगावर रिकामा केला असता, याची तिला खात्री होती.

हे डोळ्यांचं प्रकरण जरा समजून घ्यायला हवं, कारण घोडं तिथेच पेंड खातं.

उकळत्या लोखंडाशेजारी माणूस उभा करायचा नाही असा कायदा झाला, त्यानंतर फौंड्र्यांमध्ये यांत्रिक हात आले. निर्मिकच्या यंत्रणेचं नाव ‘सहस्रबाहू’. हात मोजून बाराच; पण विकणाऱ्याच्या तोंडाला कोण हात लावणार? प्रत्येक हात भट्टीतून रस उचलतो आणि आपापल्या साच्यात ओततो. माणूस आत जातो तो साचा अडकला किंवा सांडलेली मळी काढायची असली तरच. तेवढ्यासाठी प्रत्येक हाताच्या मनगटापाशी एक डोळा बसवलेला असतो. अंगठ्याएवढी डबी, पुढे काच. अर्धा पीळ दिला की निघते, अर्धा पीळ दिला की बसते. डोळ्याला माणूस दिसला की हात जागच्या जागी गोठायला हवा.

बाराही हातांचा कारभार एकच संगणक बघतो आणि त्या संगणकाच्या गाभ्यात कर्नेल नावाचा कारभारी असतो. कारभारी भलता हुशार, पण त्याला स्वतःच्या अंगाची माहिती नसते. आपल्याला हात किती, डोळे किती, कुठल्या तारेच्या टोकाला काय जोडलंय, हे कोणीतरी लिहून द्यावं लागतं. यंत्र चालू होताना तो ते वर्णन वाचतो आणि पुढे त्यावर आंधळा विश्वास ठेवतो. शलाकाचं काम हे वर्णन लिहिण्याचं.

वेगवेगळ्या वस्तू असल्या की हे काम सोपं. पंखा तो पंखा, पंप तो पंप. डोकं फिरतं ते एकाच साच्यातून निघालेल्या बारा जुळ्या भावंडांपाशी. कोणालाही विचारा, उत्तर एकच येतं, मी डोळा. मग कुठला डोळा कुठल्या हाताचा, हे कारभाऱ्याला कसं सांगायचं? जो आधी जागा होईल तो पहिला, ही आळशाची रीत. थंडीत एखादा उशिरा जागा झाला की पुढचे सगळे नंबर सरकतात. डोळ्याच्या पोटात नोंदवलेला आणि बुडालाही बारीक कोरलेला कारखान्याचा क्रमांक असतो, त्यावरूनही ओळखता येतं. आणि तिसरी रीत जागेची. सात नंबरच्या हाताकडे जाणाऱ्या तारेच्या टोकाला जो बसेल तो सात नंबरचा डोळा. आज हा बसला, उद्या तो बसला, कोणाच्या बापाचं काही जात नाही.

शलाकाने जागेवरून लिहिलं होतं. मगदूमांनी ते भर मीटिंगमध्ये बदलायला लावलं होतं, कारण बाजारात दुसऱ्यांचे स्वस्त डोळे यायला लागले होते. जागेवरून ओळख ठेवली तर फौंड्रीवाले वाटेल तो डोळा आणून बसवतील. क्रमांकावरून ठेवली तर डोळा निर्मिककडूनच घ्यावा लागेल.

“भांड्यावर नाव घातलेलं असतं, सर,” शलाका तेव्हा म्हणाली होती. “त्यावरून भांडं कुणाचं ते कळतं. कुठल्या चुलीवर चढवलंय ते नाही कळत.”

“तुझी चूल राहू दे,” मगदूम म्हणाले होते, आणि सगळे हसले होते. निदान डोळ्याची जागा बदलली तर यंत्रणेने बोंब तरी मारावी, असं तिने सुचवलं. ते पुढच्या आवृत्तीत बघू म्हणाले. पुढची आवृत्ती काही निघाली नाही.

त्यामुळे झालं असं, की भैरव कास्टिंगमधला कारभारी चालू होताना मान खाली घालून नुसती हजेरी घेत होता. बारा क्रमांकांनी ‘हजर’ म्हटलं, दिवा हिरवा. ‘हजर’ कुठल्या बाकावरून आलं ते बघायला त्याला कोणी सांगितलंच नव्हतं. सर्जेराव सात नंबरच्या हातापुढे मळी काढायला वाकला. तिथल्या डोळ्याने त्याला पाहिलं, लगेच कळवलं. कारभाऱ्याने तितक्याच तत्परतेने त्या क्रमांकाचा हात थांबवला. तो निघाला चार नंबरचा. पलीकडे रिकाम्या जागेत चार नंबरचा हात शहाण्यासारखा थांबून राहिला आणि सात नंबरच्या हाताने रस ओतला.

हे सगळं शलाकाला अहवाल न वाचताही कळलं असतं. कोणाच्याही चुकीशिवाय हे व्हायचंच होतं, हेही तिला कळत होतं. तिने मोटार काढली आणि थेट कागलचा रस्ता धरला.

घरी पोचली तेव्हा धैर्यशील सोप्यात भिंतीला टेकून बसला होता. दाढी वाढलेली. सुलभावहिनीने पुढ्यात ठेवलेल्या चहावर साय धरली होती. घरी आली की शलाकाची पुण्याची बोली उंबऱ्याबाहेर राहायची.

“दादा, सही केलास?”

“उद्या करायची हाय. चौकशीला बाई येणार हायत, त्येंच्या म्होरं.”

“कशापायी करणार?”

“काढलं म्या, पुसलं म्या, बसीवलं बी म्याच.” तो तिच्याकडे बघत नव्हता. “सर्जाकडं दवाखान्यात गेलतो. दारातनंच म्हागारी आलो. काय तोंड दाखवू त्येला? शाळंत असल्यापास्नं एका ताटात जेवलोय आमी. कुणीतरी चुकलो म्हणाय पायजे का नको?”

“चुकला असशील तर म्हण की.”

“मी सकाळपास्नं त्येच सांगालोय,” वहिनी आतून म्हणाली. “ऐकतंय कोण हितं?”

मग धैर्यशीलने खंडेनवमीचं सांगितलं. खंडेनवमीला भैरव कास्टिंगची भट्टी बंद असते. पान्हे, हातोडे, साखळ्या, सगळं घासूनपुसून पूजेला मांडतात. यांत्रिक हात आले म्हणून रीत बदलायची का? हात तर पाटावर मांडता येत नाहीत. मग त्यांचे डोळे मांडायचे. वर्षभर काजळी खाल्लेले बारा डोळे धैर्यशीलने आणि पोरांनी काढले, मऊ फडक्याने पुसले, तांदळावर ओळीने ठेवले. काचेला लागू नये म्हणून गंध डबीच्या बुडाला लावलं. हातांना झेंडूच्या माळा घातल्या. कंपनीच्या माहितीपुस्तकातही डोळे काढून पुसायला सांगितलेलं होतं. त्यात कुठला कुठून काढला ते लक्षात ठेवा असं मात्र कुठे म्हटलं नव्हतं.

“आन मग माघारी बसीवले,” धैर्यशील म्हणाला. “पयला मगदूम सायबांच्या हस्ते.”

शलाकाला वाटलं आपण चुकीचं ऐकलं. “कुणाच्या?”

“तुझ्या सायबांच्या. पाव्हणं म्हणून बोलावलं हुतं न्हवं? नारळ त्येनीच फोडला. मग बुगडे मालकानी पाट म्होरं केला, सायबानी त्यातला एक उचलला आन दाराजवळच्या हाताला बसीवला. टाळ्या वाजीवल्या आमी. फोटू काढला. बाकीचे म्या बसीवले.”

“दाराजवळचा म्हणजे सात नंबर.”

“व्हय.”

“दादा, हे कुणाला सांगितलास?”

“खुळी का काय तू?” त्याने पहिल्यांदा मान वर केली. “घरात बोलीवल्याला पाव्हणा. त्येच्या हातनं नारळ फोडून घ्याचा, पेढं द्याचं आन मग त्येच्याच अंगावर ढकलाचं? आपल्यात असं करत न्हाईत. त्येंच्या ध्यानात बी नसंल ते.”

या भल्या माणसाच्या मुस्काटात मारावी की त्याच्या गळ्यात पडून रडावं, हे शलाकाला ठरवता येईना. तो पाहुण्याची अब्रू झाकत होता आणि पाहुणा पुण्यात बसून त्याच्या कपाळावर शिक्का मारत होता. तिला मगदूमांचा राग होता, दादाच्या या सोशिकपणाचा होता, आणि मीटिंगमध्ये सगळे हसले तेव्हा आपण लॅपटॉप आपटून बाहेर का पडलो नाही, याचाही होता. सायीचा चहा तिने उचलला आणि मोरीत ओतून टाकला. काहीतरी ओतून टाकायला हवंच होतं.

चौकशी फौंड्रीच्या कॅन्टीनमध्ये ठेवली होती. भट्टी बंद असल्यामुळे तिथे कधी नव्हे ती शांतता होती. एका बाजूला कारखाना निरीक्षक तहसीन मुजावर आणि त्यांचा लेखनिक. दुसऱ्या बाजूला मगदूम, त्यांच्या शेजारी बुगडे मालक रुमालाने मान पुसत. धैर्यशील टोकाला, अंग चोरून बसलेला. शलाका न बोलावता आली होती. मगदूमांना वाटलं, ती भावाला समजावून घेऊन आलीय. त्यांनी तिला मानेनेच बस म्हटलं.

“यंत्रणा निर्दोष आहे,” मगदूम सांगत होते. “प्रत्येक डोळ्याला स्वतःचा क्रमांक आहे. ज्या हाताचा डोळा त्याच हाताला परत बसवायचा. आता फिटरने देवपूजेच्या नादात सगळ्यांची सरमिसळ केली, त्याला आम्ही काय करणार? थोडी काळजी घेतली असती तर पसारेंचा हात आज जागेवर असता.”

धैर्यशील हे ऐकत होता आणि प्रत्येक वाक्याला मान डोलवत होता. शलाकाला ते बघवेना.

“खोत, तुम्हाला हे मान्य आहे?” मुजावर मॅडमनी विचारलं.

“व्हय, मॅडम.” त्याने पेन हातात घेतलं.

“मॅडम, मी यांच्याच कंपनीत या यंत्रणेचं वर्णन लिहिते,” शलाका उभी राहून म्हणाली. “मला सरांना थोडं विचारायचंय.”

मुजावर मॅडमनी तिच्याकडे नीट पाहिलं. “विचारा.”

“सर, पाटावर बारा डोळे आहेत. माणसाने एक उचलला. तो कुठल्या हाताचा हे त्याने कसं ओळखायचं?”

“क्रमांकावरून. बुडाला कोरलेला असतो.”

“मुंगीएवढा. त्यावर गंध लावलेलं.”

“काळजी असेल तर दिसतो. पुसून बघावा. ज्याचं काम आहे त्याने बघायलाच हवा. ही साधी अक्कल आहे.”

“तुम्ही बघितलात?”

“मी कशाला बघू?”

“खंडेनवमीला सात नंबरच्या हाताला डोळा तुम्ही बसवलात म्हणून विचारते.”

“शले, गप्प बस,” धैर्यशील पुटपुटला.

“व्हय की,” बुगडे मालक एकदम म्हणाले आणि रुमाल खाली आला. “पाट मीच धरला होता. साहेबांनी दाराजवळच्या हाताला बसवला. टाळ्या वाजवल्या की आपण.” बोलून झाल्यावर आपण काय बोललो ते त्यांच्या लक्षात आलं आणि ते पुन्हा मान पुसू लागले.

मगदूमांचा चेहरा लालबुंद झाला. आयुष्यभर दुसऱ्यांना जाब विचारत आलेल्या माणसाला जाब द्यायची सवय नसते. “म्हणजे आता माझ्यावर आणणार का तुम्ही हे? माझ्यापुढे पाट आला, मी एक उचलून बसवला. सगळे एकसारखे होते. मला कसं कळणार कुठला कुठला ते? माणसाने काय तोंड बघून ओळखायचं? ते बघायचं काम यंत्राचं—”

ते थांबले.

“वाक्य पूर्ण करा, मगदूमसाहेब,” मुजावर मॅडम म्हणाल्या.

मगदूमांनी केलं नाही. मुजावर मॅडमनी लेखनिकाला झालं तेवढं लिहून घ्यायला सांगितलं.

“पाहुणा म्हणून तुम्ही चुकला नाहीत, सर,” शलाका म्हणाली. “कोणीही तेच केलं असतं. दादानेही तेच केलं. एकसारख्या वस्तू माणूस आलटूनपालटून बसवणारच, हे धरूनच वर्णन लिहायचं असतं. मी लिहिलं होतं. डोळा दुसऱ्या कुणाचा चालू नये म्हणून तुम्ही ते काढायला लावलंत, आणि आता हात गेलेल्या माणसाला सांगताय की तुझ्या मित्राने काळजी घेतली नाही. तुम्हाला झोप कशी लागते?”

मुजावर मॅडमनी धैर्यशीलपुढची कबुली ओढून घेतली, तिच्यावर आडवी रेघ मारली आणि पेन त्याच्या हातातून सोडवून घेतलं. त्याने ते इतकं घट्ट धरलं होतं, की त्यांना दोनदा ओढावं लागलं. जिथे जिथे सहस्रबाहू आहे तिथे वर्णन दुरुस्त होईपर्यंत तो बंद राहील, असं त्यांनी सांगितलं. दुरुस्ती कोण करेल, असं विचारल्यावर मगदूम छताकडे बघत राहिले. शलाकाने लॅपटॉप उघडला.

फार काही करायचं नव्हतं. जुनं वर्णन तिच्याकडे होतंच. तिने ते पुन्हा चढवलं, सगळे डोळे काढून बादलीत टाकायला लावले, बादली हलवायला लावली आणि हाताला येईल तसे बसवायला लावले. मग रस न घेता हात नुसते चालू केले आणि बुगडेंना एका हातापुढे झाडूच्या काठीला सदरा अडकवून धरायला सांगितलं. ज्या हातापुढे सदरा तोच हात थांबला. दुसऱ्यापुढे नेला, दुसरा थांबला. इतकं सोपं होतं ते. इतकं सोपं होतं म्हणून तिला आणखीनच चीड आली.

मगदूम मोटारीत बसताना म्हणाले, “उद्यापासून येऊ नकोस.”

“येणार नव्हतेच,” शलाका म्हणाली.

दवाखान्याच्या वाटेवर कोल्हापूर दिसायला लागल्यावर धैर्यशील म्हणाला, “चारचौघांत पाव्हण्याला असं बोलाय नको हुतंस.”

“चारचौघांतच बोलायचं हुतं मला.”

सर्जेराव खाटेवर उशीला टेकून बसला होता. उजव्या कोपराशी पांढऱ्या पट्ट्यांचा गोळा. शलाका आत गेली; धैर्यशील दारातच अडकला, बाहेरच्या चपलांकडे बघत.

“शले, पुण्यास्नं आलीस?” सर्जेराव म्हणाला. “एक विचारू?”

“विचारा की, सर्जादा.”

“चार नंबरचा हात थांबला हुता म्हणत्यात.”

“हो.”

“तितं कोण हुतं?”

“कोणी नव्हतं.”

“आन मी सातला.” “मग त्यो कुणासाठी थांबला?”

शलाकाकडे सगळं समजावण्याची तयारी होती. कारभारी, वर्णन, क्रमांक, जागा, सगळं. आयुष्यभर तेच तर शिकली होती. त्यातलं काहीही या खाटेपाशी बोलण्यासारखं नव्हतं.

“तुमच्यासाठीच थांबला, सर्जादा. तुम्ही चारपाशी आहात, असं त्याला सांगून ठेवलं होतं.”

“कुणी?”

दारातून धैर्यशील काहीतरी बोलायला पुढे झाला. शलाकाने त्याला हातानेच थांबवलं.

“आम्ही,” ती म्हणाली. “आमच्या कंपनीनं. मला ठाऊक होतं ते चुकीचं आहे म्हणून.”

सर्जेरावने तिच्याकडे बराच वेळ पाहिलं. लहानपणी तिला सायकलच्या नळीवर बसवून शाळेत सोडणारा माणूस होता तो. मग त्याने नजर काढून घेतली आणि दाराकडे वळवली.

“धैर्या, तू कशापायी भाईर उभा हाईस? तुजं काय न्हाई त्यात. ये आत, बस हितं.”

धैर्यशील आत आला. खाटेजवळ एकच स्टूल होतं. सर्जेरावने ते डाव्या हाताने त्याच्याकडे सरकवलं.

शलाकाला त्याने बस म्हटलं नाही.